चाळीस वॉटचा बल्ब

आभार मानणं हा माझा धंदा आहे.
नऊ ते पाच, मधे अर्धा तास सूप.
खिडकीबाहेर सुपीरियर सरोवर
एप्रिलातही बर्फाचे खडे चघळत बसलेलं,
आणि माझ्या पडद्यावर माणसं,
रकमेच्या उतरत्या क्रमाने.

दहा लाखांच्या वर: कुलगुरूंसोबत जेवण, चांदीचं होकायंत्र.
लाख: भिंतीवर नाव.
हजार: हातानं लिहिलेलं पत्र, अक्षर माझं, सही डीनची.
शंभराच्या खाली छापील कार्ड,
"तुमच्या औदार्याने कुणाचं तरी आयुष्य उजळतं."
ते वाक्य माझंच आहे.
अकरा वर्षांपूर्वी, नाक गळत असताना लिहिलेलं.

एल्मी काल्लिओ पंचवीस डॉलरवाली.
दर नोव्हेंबरला चेक, एकोणतीस वर्षं, एक खाडा नाही.
ती आमच्या ग्रंथालयात रात्रपाळीला फरशा पुसायची.
चेकला टाचलेली चिठ्ठी, पेन्सिलीची, एकच प्रश्न:
तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीशी
भिंतीला जो दिवा आहे, तो लागतो ना अजून?
त्याच्याखाली म्हणे एक मुलगा पहाटे तीनपर्यंत बसायचा.
तेवढा कोपरा ती सगळ्यात शेवटी पुसायची.
नाव तिने कधी विचारलं नाही.

मी जिने चढून जायचे. बघायचे.
खाली येऊन लिहायचे: हो, लागतो.
ग्रेचन म्हणायची, पंचवीस डॉलरमागे चाळीस मिनिटं,
जरा हिशेब कर.

मागच्या वर्षी अख्खा तिसरा मजला
थॉर्स्टाड कुटुंबाच्या नावाने व्हायचा होता.
फीत, फोटोवाला, आणि केक, ज्यावर
थॉर्स्टाडमधलं एक अक्षर गळालेलं.
मी सुरीच्या पात्याने क्रीम सारवत होते
तेव्हा एल्मीची चिठ्ठी आली.
बोटं पुसली, आणि जागचं न हलता
लिहून टाकलं: हो, लागतो.

जानेवारीत खोकं आलं.
आत लोकरीचा मोजा, एकच,
आणि मोज्यात चाळीस वॉटचा बल्ब.
"शेजारच्या टेरेसाची नात तिथे शिकते.
ती म्हणते, त्या भिंतीला दिवाच नाही.
तुझी नजर अधू झाली असेल, बाई.
जिने फार आहेत, मला ठाऊक आहे.
मोजा परत पाठव."

देणगीचा प्रकार: वस्तुरूप.
अंदाजे मूल्य: दोन डॉलर.
उद्देश: इथे यादी उघडते.
शिष्यवृत्ती, संशोधन, क्रीडा, इमारत, जिथे निकड असेल तिथे.
फूल ना फुलाची पाकळी, असं देणाऱ्याने म्हणायचं असतं.
घेणाऱ्याकडे पाकळीचा रकाना नसतो.

मी गेले वर, तेव्हा.
छतभर पांढरा उजेड, कुठेच कशाचीच सावली नाही.
एक मुलगी लॅपटॉपवर गाल टेकून झोपलेली.
खिडकीशेजारी स्क्रूची दोन भोकं,
बुजवून, वर रंग मारून बुजवलेली.
डोळ्यांना दिसत नाहीत.
बोटाला लागतात.

पत्राचे सात खर्डे झाले.
सहाव्यापर्यंत "औदार्य" आपोआप येत राहिलं,
सवयीचं कुत्रं दारात येतं तसं.
सातव्यात एवढंच:
दिवा काढून टाकला आहे.
मी बघायला गेले नव्हते. खोटं लिहिलं.
डीनची सही घेतली नाही.
मोजा धुवावा का, यावर दुपार घालवली,
आणि होता तसाच पाठवला.

ग्रेचनच्या तक्त्यात एल्मी आता पिवळ्या रंगात आहे,
"निसटण्याची शक्यता".
नोव्हेंबर लांब आहे.
बल्ब माझ्या खणात, स्टेपलरच्या बाजूला.
मधूनमधून काढते, कानाशी धरून हलवते.
वाजत नाही.
एवढ्या टपालातून, एका मोज्याच्या भरवशावर,
तार शाबूत आलेली आहे.